पहिल्या रांगेवरचा विनोद

बंगळुरूच्या स्टँड-अप मंचावर, म्हणजे एकट्या कलावंताने ध्वनिवर्धक हाती घेऊन थेट प्रेक्षकांशी बोलण्याच्या विनोदप्रकारात, अलीकडे जे बळावत आहे त्याला कलेची प्रगती म्हणणे कठीण आहे. ‘क्राउड वर्क’ म्हणजे पहिल्या रांगेतल्या प्रेक्षकाला नाव, गाव, नोकरी विचारायची आणि त्याच्या उत्तरांवर आयत्या वेळी कोट्या करायच्या. हा प्रकार पूर्वी प्रेक्षकांना मोकळे करण्यापुरता असे. आता त्याच्याच तुकड्यांनी मोबाइलचे पडदे व्यापले आहेत. त्यामागचे व्यावहारिक कारण उघड आहे. लिहिलेला ‘सेट’, म्हणजे विनोदांची सलग बांधलेली मालिका, ओपन माइकवर, अर्थात कोणालाही चार-पाच मिनिटे मिळू शकतात अशा छोट्या बैठकांत, महिनोन्महिने पारखून घ्यावा लागतो आणि एकदा प्रसारित झाला की तिकीट काढून आलेल्यांपुढे त्याची धार उरत नाही. याउलट प्रेक्षकाशी झालेली प्रश्नोत्तरे त्या रात्रीपुरतीच असल्याने ती फुकट वाटून टाकली तरी मूळ भांडवलाला धक्का लागत नाही. जाहिरात म्हणून ही युक्ती बिनतोड आहे, पण जाहिरातच कार्यक्रमाची जागा घेऊ लागली आहे.

याच शहराने काय घडवले होते ते पाहिले म्हणजे ही घसरण किती मोठी आहे हे ध्यानात येते. विनोदी अभिनेता दानिश सेट याची कारकीर्द खासगी रेडिओवर सुरू झाली. अनोळखी माणसांना फोन करून त्यांची फिरकी घेण्याच्या कार्यक्रमात त्याने जी माणसे आवाजातून उभी केली, त्यांतला नोगराज हा गोडबोल्या, निर्लज्ज आणि स्वतःला नम्र म्हणवणारा पुढारी पुढे 2018 साली साद खान दिग्दर्शित ‘हंबल पॉलिटिशियन नोगराज’ या कन्नड चित्रपटाचा नायक झाला, आणि नगरसेवकपदावरून आमदारकीकडे झेपावणारे हे पात्र 2022 साली वेबमालिकेत थेट मुख्यमंत्रिपदापर्यंत पोचले. 2020 सालच्या ‘फ्रेंच बिर्याणी’तला रिक्षावाला असगर याच घराण्यातला. त्याची दखनी, जिच्यात मराठीचा अंश कोणाही मराठी श्रोत्याला सहज ऐकू येतो, ही बंगळुरूच्या छावणी भागातली जिवंत बोली आहे आणि ती मुख्य भूमिकेच्या तोंडी पडद्यावर क्वचितच आली होती.

मात्र दानिशचे सर्वांत मोलाचे काम चित्रपटात नसून 2020 च्या टाळेबंदीतल्या ध्वनिचित्रफितींत आहे. त्यांत राममूर्ती, जया, दीदी आणि ‘ब्रो’ ही माणसे फोनवर एकमेकांशी बोलतात. चेहरा एकच, वेशभूषा जवळजवळ नाही, आणि तरीही मानेचा कल, वाक्याचा शेवट लांबवण्याची लकब आणि कन्नड, इंग्रजी व हिंदी यांचे प्रत्येकाचे वेगळे मिश्रण एवढ्यावर माणूस क्षणात ओळखता येतो. घरात कोंडलेले शहर त्या मिनिटा-दोन मिनिटांत सापडते. मराठी वाचकाला ही जात परकी नाही. ‘बटाट्याची चाळ’ एकट्याने उभी करणारे पु. ल. देशपांडे आणि ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये एकट्याने बावन्न पात्रे वठवणारे लक्ष्मण देशपांडे यांनी हीच बहुरूपी कला, म्हणजे एका देहातून अनेक माणसे जिवंत करण्याची कला, मराठी रंगमंचावर सिद्ध केली होती.

नागपुरात जन्मलेली आणि बंगळुरूत घडलेली सुमुखी सुरेश या परंपरेला आणखी धोकादायक वळणावर नेते. नोगराजच्या पत्नीची भूमिका करणाऱ्या या अभिनेत्रीने 2017 साली ‘पुष्पवल्ली’ ही मालिका निर्माण केली, तिचा दुसरा भाग 2020 मध्ये आला. आवडलेल्या पुरुषाच्या मागोमाग भोपाळहून बंगळुरूला येणारी, मुलांच्या ग्रंथालयात नोकरी धरणारी, चहावाल्या पोऱ्याला हाताशी धरून पाळत ठेवणारी आणि एका खोट्यासाठी दहा खोटी रचणारी ही नायिका प्रेक्षकाची सहानुभूती कोठेही मागत नाही. तिला हसता हसता तिची भीती वाटू लागते, आणि ही दुहेरी प्रतिक्रिया साधणे हे विनोदी लेखनातले अत्यंत अवघड काम आहे. पीजीची, म्हणजे खोल्या भाड्याने देणाऱ्या वसतिघराची, मालकीण वासू हिला अभिनेत्री श्रद्धा हिने दिलेला खडूसपणाही असाच नेमका आहे.

आत्मकथनपर स्टँड-अपबद्दल, ज्याचे केनी सेबॅस्टियन आणि कनन गिल हे सफाईदार प्रतिनिधी आहेत, एवढेच म्हणता येईल की त्यात कारागिरी आहे, पण कलावंताखेरीज दुसरा माणूस क्वचितच आहे. वाहतूक कोंडी आणि रिक्षाभाडे यांवरच्या विनोदांची दखल घेण्याचे कारण नाही.

क्राउड वर्कचा खरा दोष आळस हा नसून दिशा हा आहे. नोगराज सत्तेकडे बोट दाखवतो; क्राउड वर्क तिकीट काढून आलेल्या, अंधारातून अचानक उजेडात ओढल्या गेलेल्या, हाती ध्वनिवर्धक नसलेल्या माणसाकडे दाखवते. ही दिशा अकारण बदललेली नाही. 28 नोव्हेंबर 2021 रोजी बंगळुरूच्या गुड शेफर्ड सभागृहात होणारा स्टँड-अप कलावंत मुनव्वर फारूकी यांचा कार्यक्रम पोलिसांच्या सूचनेनंतर रद्द झाला आणि पाठोपाठ कुणाल कामरा यांचे कार्यक्रमही रद्द झाले. ज्या शहरात सत्तेवरचा विनोद सभागृहच गमावून बसतो, तेथे कलावंताने प्रेक्षकाचीच थट्टा करणे सुरक्षित मानावे हे समजण्यासारखे आहे. परंतु समजण्यासारखे आहे म्हणून त्याला उत्स्फूर्ततेची कला म्हणून गौरवणे ही समीक्षेची शरणागती आहे. उत्स्फूर्तता सुमुखीनेही इम्प्रॉव्हच्या, म्हणजे संहितेशिवाय प्रसंग रचण्याच्या, मंचावर कमावली होती, पण तिने ती पात्र घडवण्यासाठी खर्ची घातली.

दानिशलाही या न्यायातून सूट देता येत नाही. बंगळुरूच्या आयपीएल संघासाठी त्याने रंगवलेला ‘मिस्टर नॅग्ज’ विराट कोहलीसारख्या खेळाडूंना आगाऊ प्रश्न विचारतो तेव्हा हसू येते, पण पात्राचा पोशिंदाच संघ असल्याने प्रश्न ठरावीक रेषेपलीकडे जात नाही. नोगराजला निर्माण करणाऱ्याची ताकद क्रिकेट संघाच्या प्रसिद्धीत खर्च व्हावी, हे त्या कलेचे नुकसान आहे.

मराठी स्टँड-अप आज पुण्यामुंबईत स्वतःचा प्रेक्षक मिळवत आहे आणि पहिल्या रांगेची चेष्टा करणाऱ्या तुकड्यांचा मोह त्यालाही पडला आहे. ज्या भाषेत बहुरूपी कलेची इतकी मोठी शिदोरी आहे, त्या भाषेच्या नव्या कलावंतांनी प्रेक्षकाला त्याची नोकरी विचारण्याआधी निदान एक माणूस पूर्ण लिहून, त्याच्या बोलीसकट, मंचावर आणावा.