तिसऱ्या पक्षाची आई

मे २००४ मध्ये ‘द लॅन्सेट’ने स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेतील कातारिना ल ब्लाँ, उल्ले रिंगडेन आणि सहकाऱ्यांचा एक वृत्तांत छापला. पाने जेमतेम तीन, रुग्ण एकच, वय नऊ वर्षे. रक्ताच्या कर्करोगावर उपाय म्हणून मुलाला परक्या दात्याच्या मूळपेशी दिल्या होत्या. त्या रुजल्या आणि पाहुण्याने यजमानावर उलटावे तसे झाले: दात्याच्या प्रतिकारपेशींनी मुलाच्या आतड्यांवर आणि यकृतावर हल्ला चढवला. हाच ग्राफ्ट-व्हर्सेस-होस्ट आजार, आणि इथे तो चौथ्या म्हणजे सर्वांत गंभीर पायरीवर पोहोचलेला. स्टिरॉइडचा उपयोग होईना.

मग आईच्या अस्थिमज्जेतल्या स्ट्रोमल, म्हणजे आधार देणाऱ्या, पेशी प्रयोगशाळेत वाढवून मुलाला शिरेतून दिल्या. आपल्याकडचा एखादा लेखक इथे हमखास गहिवरला असता. हा वृत्तांत शीर्षकातच त्या पेशी ‘तिसऱ्या पक्षाच्या’ ठरवून मोकळा होतो. एक पक्ष मुलाचे शरीर, दुसरा दात्याच्या पेशी. आई या भांडणाबाहेरची. मला या कोरडेपणातच लेखनाची ताकद दिसते. आईच्या पेशी मुलाशी अर्ध्याच जुळत होत्या, तरी त्याला लक्षणीय उतार पडला. म्हणजे जुळणीची गरजच नसावी. आईची होती म्हणून माया लागू पडली, असा अर्थ काढणाऱ्याने निबंध उलटा वाचला. तिच्या जागी कुणीही निरोगी माणूस चालला असता, ही शक्यता त्यातून डोकावते आणि पुढचा सगळा उद्योग तिच्यावरच उभा राहिला.

दुसरी जागा तर माझ्या विशेष आवडीची. मुलाला बरे वाटत असताना कर्करोगाचे बारीक अवशेष सापडले. दात्याच्या पेशींनी ते संपवावेत म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारे औषध थांबवले आणि ग्राफ्ट-व्हर्सेस-होस्ट आजार परतला. पुन्हा आईच्या पेशी, पुन्हा उतार. एका रुग्णावरून काही सिद्ध होत नाही, हा आक्षेप रास्तच. पण तेच शरीर दोनदा तसेच वागले की आक्षेपाची धार कमी होते. लेखक मात्र याचे भांडवल करत नाहीत. वर्षानंतर मुलगा बरा आहे असे सांगतात, एक अंदाज मांडतात आणि थांबतात.

वृत्तांत भरकन ओलांडतो तो भाग पेशी तयार करण्याचा. मज्जेतल्या दहा हजार ते लाखभर पेशींमागे अशी एखादीच. मज्जा प्लॅस्टिकच्या फ्लास्कमध्ये ठेवली की या पेशी तळाला चिकटतात. बाकीच्या तरंगत राहतात आणि पोषकद्रव बदलताना निघून जातात. तळ भरत आला की ट्रिप्सिन घालून पेशी सोडवायच्या, अधिक फ्लास्कांत वाटायच्या आणि पुन्हा वाट पाहायची. किलोमागे २० लाख हा डोस धरला तर ३० किलोच्या मुलाला ६ कोटी पेशी लागतात. फार वाढवल्या तर त्या म्हाताऱ्या होतात, आणि दोन दात्यांच्या पेशी सारख्याच वागतील याची हमी नसते. एका मुलापुरते हे निभावते. द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून हजारोंना पुरवायच्या म्हटल्यावर प्रत्येक बॅचची ताकद मोजायची कशी, इथे गाडे अडते.

ते अडलेच. २००८ मध्ये याच गटाने युरोपातील सहकाऱ्यांसह ५५ रुग्णांचा अनुभव मांडला, त्यांतल्या ३० जणांचा आजार पूर्ण आटोक्यात आला होता. पण पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या ओसायरिस कंपनीची अशाच पेशींच्या औषधाची मोठी चाचणी मुख्य उद्दिष्ट गाठू शकली नाही. तेच औषध नंतर मेसोब्लास्ट या ऑस्ट्रेलियन कंपनीकडे गेले. २०२० आणि २०२३ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने अधिक पुरावे मागत मंजुरीचा अर्ज परत केला.

शेवटी १८ डिसेंबर २०२४ रोजी ‘रायॉनसिल’ या नावाने त्याला मंजुरी मिळाली. स्टिरॉइडला दाद न देणाऱ्या तीव्र आजारासाठी ते दोन महिन्यांपासून पुढच्या मुलांना देता येते. प्रौढांना ही मंजुरी लागू नाही.