समुद्राची वाट शाळेतून जाते

मुलींनी समुद्रविज्ञानाकडे वळावे म्हणून आता अनेक देशांत उन्हाळी शिबिरे भरतात. त्यांचा साचा ठरून गेला आहे. पाच-सहा दिवस किनाऱ्यावर मुक्काम, सूक्ष्मदर्शकाखाली प्लवक पाहणे, बोटीतून एखादी फेरी आणि समुद्रावर काम करणाऱ्या स्त्री-शास्त्रज्ञांची भेट. शेवटच्या दिवशी मुलींना विचारतात, "कसे वाटले?" मुली म्हणतात, "खूप प्रेरणा मिळाली." हे वाक्य अहवालात जाते आणि शिबिर यशस्वी ठरते.

आमचा आक्षेप शिबिरांना नाही. बारा-तेरा वर्षांच्या मुलीने खडकाच्या डबक्यात हात घालून तारामासा उचलावा आणि शेजारी उभ्या असलेल्या बाईंनी तिला त्याचे नलिकापाद दाखवावेत, यापेक्षा चांगला तास आम्हांला सुचत नाही. आक्षेप आहे तो यशाच्या मोजपट्टीला. प्रेरणा मिळाली की नाही हे शिबिराच्या समारोपात कळत नाही; ते दहा-पंधरा वर्षांनी कळते. सुदैवाने समुद्रकाठच्या उन्हाळी शाळांना दीडशे वर्षांचा इतिहास आहे. त्यातून मुली समुद्रविज्ञानापर्यंत नेमक्या कशा पोहोचल्या, हे तपासून पाहता येते. तेच येथे करू.

पेनिकीसचे दोन उन्हाळे

जुलै १८७३ मध्ये अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्याच्या किनाऱ्याजवळ पेनिकीस या लहानशा बेटावर एक उन्हाळी शाळा सुरू झाली. हार्वर्डचे प्राणिशास्त्रज्ञ लुई अगासी तिचे प्रमुख होते. न्यूयॉर्कच्या जॉन अँडरसन या व्यापाऱ्याने बेट आणि ५०,००० डॉलर दिले होते. विद्यार्थी पन्नासच्या आसपास. त्यांत डझनाहून अधिक स्त्रिया. एक गोष्ट मात्र सांगताना बहुधा राहून जाते. तिथे आलेले बहुतेक जण शिक्षक होते. समुद्रकाठची ही गाजलेली उन्हाळी शाळा भरली होती ती शिक्षकांसाठी.

पद्धत साधी होती. पुस्तके बाजूला ठेवायची, किनाऱ्यावरून प्राणी गोळा करायचे, त्यांचे विच्छेदन करायचे, चित्र काढायचे आणि पुन्हा पाहायचे.

अगासी विलक्षण शिक्षक होते, पण आदर्श म्हणून भिंतीवर तसबीर लावावी असे नव्हते. डार्विनचा उत्क्रांतिवाद त्यांनी शेवटपर्यंत मानला नाही आणि मानवी वंशांविषयीची त्यांची मते उघड वर्णद्वेषी होती. डिसेंबर १८७३ मध्ये ते वारले. त्यांच्या मुलाने आणखी एक उन्हाळा शाळा चालवली. १८७४ नंतर ती बंद पडली. एका प्रभावी व्यक्तीभोवती उभे राहिलेले शिबिर ती व्यक्ती गेल्यावर किती टिकते, याचे उत्तर येथे मिळते: एक उन्हाळा.

मग उरले काय? उरले ते शिक्षकांबरोबर परत गेले तेवढे. माउंट होल्योक या मुलींच्या विद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या लिडिया शॅटक १८७३ च्या उन्हाळ्यात पेनिकीसला गेल्या होत्या. पुढच्या वर्षी त्याच विद्यालयातील तरुण शिक्षिका कॉर्नेलिया क्लॅप गेल्या. परतल्यावर क्लॅपबाईंनी प्राणिशास्त्राचा तास पाठांतरातून बाहेर काढून प्रत्यक्ष नमुन्यांवर आणला. १९१६ पर्यंत त्या तिथेच शिकवत राहिल्या. त्यांच्या हाताखालून गेलेल्या मुलींची बेटावर उन्हाळा घालवलेल्या पन्नास जणांशी तुलना करून पाहा. शिबिराचा गुणाकार कुठे झाला ते लगेच ध्यानात येईल.

टेबल आणि खुर्ची

या इतिहासातले पुढचे पाऊल शास्त्रज्ञांनी एकट्याने टाकले नाही. बोस्टनमध्ये स्त्रियांच्या शिक्षणासाठी झटणारी स्त्रियांचीच एक संघटना होती. तिच्या पैशावर १८८१ मध्ये ॲनिस्क्वाम येथे अल्फियस हायट यांच्या देखरेखीखाली समुद्रकाठची प्रयोगशाळा सुरू झाली आणि १८८६ पर्यंत चालली. मग कायमची संस्था हवी असा विचार पुढे आला. त्यातून १८८८ मध्ये वुड्स होल या खेड्यात सागरी जीवशास्त्र प्रयोगशाळा उभी राहिली. तिच्या पहिल्या विश्वस्तांत स्त्रिया होत्या. पहिले संचालक चार्ल्स व्हिटमन हेही पेनिकीसला शिकलेले शाळामास्तर.

त्या पहिल्याच उन्हाळ्यात क्लॅपबाई वुड्स होलला हजर होत्या. त्यांना तिथे कोणी भाषण ऐकायला बोलावले नव्हते. काम करायला टेबल होते, सूक्ष्मदर्शक होता, ताजे मासे होते आणि सोडवायला एक प्रश्न होता. टोडफिश नावाच्या माशाच्या अंड्यांवर आणि गर्भाच्या वाढीवर त्यांनी काम केले. पुढे त्याच माशाच्या पार्श्वरेषेचा, म्हणजे पाण्याची हालचाल जाणणाऱ्या इंद्रियाचा अभ्यास करून १८९६ मध्ये शिकागो विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. नंतर त्या प्रयोगशाळेच्या ग्रंथपाल आणि विश्वस्तही झाल्या.

आजच्या शिबिरांत मार्गदर्शिका येतात, आपली कहाणी सांगतात आणि जातात. मुलीला त्यांच्यासारखे व्हावेसे वाटते. पण कहाणी ऐकलेल्या मुलीच्या हाती दुसऱ्या दिवशी काय असते, हा प्रश्न कोणी विचारत नाही. त्या अनोळखी बोस्टनकर बायकांनी एकही प्रेरक भाषण केल्याचे आपल्याला ठाऊक नसेल. त्यांनी जागा करून दिली, पैसे उभे केले आणि दार पुढच्या वर्षीही उघडे राहील अशी तजवीज केली. आमच्या मते मार्गदर्शनाचा हा अधिक कठीण भाग आहे.

समुद्र न पाहिलेली मुलगी

रेचेल कार्सन यांचे नाव बहुतेक शिक्षकांना 'सायलेंट स्प्रिंग' (१९६२) या पुस्तकामुळे माहीत असते. त्याआधी त्या समुद्राविषयी लिहीत होत्या. 'द सी अराउंड अस' हे त्यांचे पुस्तक १९५१ मध्ये निघाले आणि अतोनात खपले. त्यांचा जन्म १९०७ मध्ये पेनसिल्व्हेनियात, समुद्रापासून दूर झाला. लेखिका व्हायचे म्हणून कॉलेजात त्यांनी इंग्रजी घेतले. मग जीवशास्त्र शिकवायला मेरी स्कॉट स्किंकर भेटल्या आणि कार्सननी विषय बदलला. विज्ञानात बाईमाणसाला भवितव्य नाही, असे आसपासच्या अनेकांना तेव्हा वाटत होते.

१९२९ च्या उन्हाळ्यात कार्सन वुड्स होलला पोहोचल्या. समुद्र त्यांनी तेव्हा प्रथम पाहिला. ही गोष्ट नेहमी इथेच थांबवतात: मुलीने समुद्र पाहिला, भारावली, महान लेखिका झाली. पण पुढची सहा-सात वर्षे पाहा. त्या कासवांच्या मज्जातंतूंवर काम करत होत्या आणि ते फारसे पुढे सरकले नाही. १९३२ मध्ये एम.ए. झाल्या. घरची ओढगस्त आडवी आली आणि डॉक्टरेट सोडावी लागली. १९३५ मध्ये वडील गेले. या काळात स्किंकरबाई त्यांच्या संपर्कात होत्या. सरकारी नोकरीच्या परीक्षा द्या, असा रोखठोक सल्ला त्यांनीच दिला. १९३६ मध्ये कार्सन सरकारच्या मत्स्यखात्यात जीवशास्त्रज्ञ म्हणून रुजू झाल्या. मत्स्यखात्यातल्या या नोकरीने त्यांचे घर चालवले आणि समुद्राविषयीची माहितीही रोज टेबलावर आणून ठेवली.

वुड्स होलचा तो उन्हाळा नसता तर कार्सन घडल्या नसत्या, असे म्हणता येईल. मात्र त्या उन्हाळ्याच्या आधी एक शिक्षिका होती आणि नंतरही तीच होती. शिबिर ही साखळीतली एक कडी. साखळी धरून ठेवली ती बाईंनी.

किनारा आणि जहाज

मार्गदर्शकाच्या हाती सगळे असते, असेही समजू नये. मारी थार्प यांनी १९५२ मध्ये जहाजांवरून आलेल्या खोलीच्या नोंदी कागदावर मांडल्या, तेव्हा अटलांटिकच्या तळाशी असलेल्या पर्वतरांगेच्या मध्यातून जाणारी खचदरी त्यांना दिसली. भूखंडे सरकतात या कल्पनेला पुढे याच दरीने मोठा आधार दिला. पण त्या नोंदी घेणाऱ्या जहाजावर त्यांना स्वतःला जाता येत नव्हते; बायकांना तिथे मज्जाव होता. समुद्रावर जायला त्यांना १९६० च्या दशकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला.

सिल्व्हिया अर्ल १९६४ मध्ये आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेत गेल्या, तेव्हा जहाजावर सुमारे सत्तर पुरुषांत त्या एकट्या स्त्री होत्या. १९७० मध्ये पाण्याखालच्या 'टेक्टाइट' निवासात राहायला स्त्री आणि पुरुष एकत्र नकोत म्हणून पाच स्त्रियांचे वेगळे पथक केले गेले. अर्ल त्याच्या प्रमुख होत्या. मुलगी कमी पडत नव्हती, तिची प्रेरणाही कमी नव्हती. शिडी वर ओढून घेतलेली होती. मुलींच्या शिबिरात हा भाग वगळून केवळ यशोगाथा सांगितल्या, तर पुढे अडथळा आला की मुलगी दोष स्वतःला देते.

आपल्या किनाऱ्यावर

त्याच हिंदी महासागर मोहिमेनंतर १९६६ मध्ये आपली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. ती गोव्यात दोना पावला येथे आहे. तिथे काम केलेल्या आदिती पंत या सुदीप्ता सेनगुप्ता यांच्यासह १९८३-८४ च्या तिसऱ्या भारतीय मोहिमेतून अंटार्क्टिकावर गेल्या. भारतीय मोहिमेतून अंटार्क्टिकावर पोहोचलेल्या या पहिल्या स्त्रिया. पाठात एवढेच येते. पंत मूळच्या नागपूरच्या. त्यांना समुद्राची ओढ लावली ती ॲलिस्टर हार्डी यांच्या 'द ओपन सी' या पुस्तकाने. पुढे हवाई विद्यापीठाची शिष्यवृत्ती, मग लंडनची डॉक्टरेट, आणि भारतात परत या असे सांगणारे संस्थेचे पहिले संचालक एन. के. पणिक्कर. पुस्तक, शिष्यवृत्ती, नोकरी: या तिन्ही पायऱ्या कोणीतरी आधी बांधून ठेवलेल्या होत्या.

नागपूरचे उदाहरण कोकणाबाहेरच्या शिक्षकांनी मुद्दाम लक्षात ठेवावे. ग्रंथालयात एक पुस्तक ठेवणे हेही मार्गदर्शन आहे. एका काचेच्या भांड्यात साधे पाणी घेऊन त्यात शाई घातलेले खारे पाणी हळूच सोडले, तर ते तळाशी जाऊन पसरते. ध्रुवीय प्रदेशातले थंड, खारे पाणी महासागराच्या तळाशी का उतरते, ते चंद्रपूरच्या वर्गातही दाखवता येते.

कोकणात तर मार्गदर्शिका गावातच आहेत. ओहोटीला खडकावर कालवे फोडणाऱ्या, तिसऱ्या वेचणाऱ्या बायकांना उधाण आणि भांग तिथीवरून सांगता येतात. मुंबईच्या किनाऱ्यावर तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ ढोबळमानाने मिळते: चतुर्थीला तीनच्या सुमारास. असे का, हे वर्गात काढून पाहा. २४ तास भागिले ३० तिथी म्हणजे ४८ मिनिटे, पाऊण तासाहून जरा जास्त. हे गणित शिबिरात शिकवले जाते का? आणि ते ज्यांना येते, त्यांच्या मुली शिबिरात असतात का? शुल्काचा आकडा पाहिला की बहुधा उत्तर मिळते.

शिबिर कसे जोखावे

तेव्हा मुलींची नावे देण्याआधी आम्ही चार प्रश्न सुचवतो. मुलीबरोबर तिच्या शाळेतील कोणी शिक्षिका शिबिरात असणार आहे का? मुलगी स्वतःच्या हाताने काय मोजणार आहे? शिबिरानंतर तिने पत्र लिहिले, तर उत्तर कोण देणार आहे? आणि जिला शुल्क परवडत नाही, तिच्यासाठी काय सोय आहे?

मोजण्याचे काम अवघड नाही. अर्धा मीटर बाजूची लाकडी चौकट आणि एक दोरी घ्या. उधाणाच्या ओहोटीला खडकाळ किनाऱ्यावर वरून पाण्याकडे दोरी ताणा. दर दोन मीटरवर चौकट ठेवून आतले शिंपले, बार्नॅकल आणि शेवाळ नोंदवा. जीवांचे पट्टे दिसू लागतील. वरच्या पट्ट्याची मर्यादा बहुधा ऊन आणि कोरडेपणा ठरवतात. खालच्या पट्ट्याची मर्यादा जागेची स्पर्धा आणि भक्षक. पावसाळा सोडून दर महिन्याला त्याच जागी गेलात, तर वर्षाअखेर शाळेकडे स्वतःची नोंद होईल. गावातील जाणत्या बाईंना बरोबर घ्यावे, पायांत बूट असावेत आणि भरती सुरू होताच परत फिरावे.

आजच्या शिबिरांतली सर्वांत मोठी उणीव आम्हांला पहिल्या प्रश्नात दिसते. मुलगी जाते, तिची शिक्षिका घरी राहते. सहा दिवसांनी मुलगी वर्गात परत येते, तेव्हा तिने काय पाहिले हे समजणारे तिथे कोणी नसते. पेनिकीसने हे उलट केले होते, आणि ते फळले.

पुढच्या उन्हाळ्यात शिबिराचे पत्रक शाळेत आले, तर मुख्याध्यापकांनी संयोजकांना एवढेच लिहून विचारावे: दर दहा मुलींमागे एका शिक्षिकेची जागा ठेवाल का? नकार आला, तर शिबिराविषयी बरेच कळेल. होकार आला, तर बाई, तुम्ही जा. मुली तुमच्या मागोमाग येतील.