चारशे बारा पुस्तकांचा धनी

बँकेत कारकुनी करायला लागून बावीस वर्षे झाली. एवढ्या काळात दुसऱ्याच्या एका रुपयालाही मी हात लावलेला नाही. एकदा कॅशमध्ये दहा रुपये जास्त आले, तर ते कोणाचे हे शोधण्यात रात्रीचे आठ वाजले. आणि दार उघडताना हिने जो चेहरा केला, त्याची किंमत दहा रुपयांहून पुष्कळच जास्त होती. असा मी सच्छील माणूस. पण आज माझ्या मोबाईलमध्ये चारशे बारा पुस्तके आहेत, आणि त्यांतले एकही मी विकत घेतलेले नाही.

ही कृपा आमच्या सोसायटीतल्या अण्णांची. रोज सकाळी सुविचार, त्याखाली गुलाबाचे फूल आणि त्याखाली एक पीडीएफ, असा त्यांचा नेम आहे. 'दुर्मिळ ग्रंथ! पुढे पाठवा, ज्ञान वाटल्याने वाढते!' असेही लिहिलेले असते. तो दुर्मिळ ग्रंथ परवाच दुकानाच्या काचेत मांडलेला पाहिलेला असतो, ही गोष्ट वेगळी! कोणा पुण्यात्म्याने पानापानाचा फोटो काढलेला असतो आणि दर पाचव्या पानावर त्याचा अंगठा दिसतो. बँकेत आम्ही अंगठा घेतो तो ओळख पटावी म्हणून. इथे अंगठा मिळतो, मालक मिळत नाही.

आता चारशे बारांपैकी वाचली किती, असे विचाराल तर तीन. नव्वद दिवसांहून जास्त हप्ता थकला की आम्ही ते कर्ज बुडीतकडे झुकले असे धरतो. त्या हिशेबाने माझे ग्रंथालय केव्हाच बुडीत खात्यात गेले आहे. फुकटची भूक पोटाची नसते, पिशवीची असते.

कॉमर्सचा पदवीधर असल्यामुळे कायदा काय म्हणतो तेही मी पाहून ठेवले. १९५७ चा कॉपीराइट कायदा. लेखक गेल्यानंतरचे वर्ष उजाडले की तिथून साठ वर्षे हक्क वारसांकडे. पूर्वी ही मुदत पन्नास होती. रवींद्रनाथ गेले १९४१ साली. पन्नास वर्षे भरली आणि १९९२ च्या दुरुस्तीने मुदत वाढली. फिक्स्ड डिपॉझिट ऐन वेळी रिन्यू व्हावे तसे! साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून २०११ पासून 'श्यामची आई' कोणीही खुशाल उतरवून घ्यावी. पुलं गेले २००० साली. त्यांना राजरोस फुकट वाचायचे तर २०६१ उजाडावे लागेल. तोवर माझी ऐंशी उलटलेली असेल आणि हसायला दात नसतील.

अण्णांचेही सगळेच चूक नाही. ज्या गावात पुस्तकांचे दुकान नाही, तिथल्या पोराने काय करावे? जे पुस्तक पुन्हा छापलेच जात नाही, ते कुठून आणावे? पण त्या पोराची ढाल पुढे करून आपण जे उतरवून घेतो, ते असते या वर्षीचे नवे पुस्तक. शिवाय राजरोस फुकट काही कमी नाही. मराठी विश्वकोश आहे, राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची पुस्तके आहेत. पण ती सरकारच आपण होऊन देते. त्यात मौज ती काय!

मार्चअखेरची गोष्ट. काउंटरवर एक सत्तरीचे गृहस्थ आले. खांद्याला शबनम. पासबुक भरून घेतले आणि तिथेच उभ्याउभ्या बोट ठेवून म्हणाले, "हे अकराशे चाळीस आले बघा! वर्षाची रॉयल्टी. अडतीस प्रती गेल्या." तीनशेचे पुस्तक, शेकडा दहा, म्हणजे प्रतीमागे तीस. हिशेब बरोबर होता. नाव वाचले आणि माझ्या पोटात गोळा आला. (खातेदाराचे नाव सांगण्याची आम्हांला मुभा नाही.) मी वाचलेल्या तिनांतले एक पुस्तक त्यांचे होते. नुसते वाचले नव्हते, दोन ग्रुपवर पुढेही पाठवले होते. स्वतःच्या अभ्यासापुरते म्हणावे, तर दोन ग्रुप मिळून माणसे तीनशे.

"तुमचं पुस्तक वाचलंय मी. फार आवडलं," मी बोलून गेलो.

म्हाताऱ्याचा चेहरा असा उजळला, की काय सांगू! "खरंच? कुठून घेतलंत?"

"लायब्ररीतून," मी म्हणालो.

"वा! म्हणजे लायब्ररीनं तरी एक विकत घेतलं म्हणायचं."

दहा रुपयांसाठी आठ वाजेपर्यंत बसणारा मी, त्या दिवशी पाच वाजताच बाहेर पडलो आणि दुकानात जाऊन पुस्तक घेतले. घरी ही म्हणाली, "अहो, हे तर मोबाईलमध्ये आहे ना?" मी गप्प राहिलो.

संध्याकाळी अण्णा आले. पुस्तक उलटसुलट करून पाहिले. "विकत आणलंत? बरं, वाचून झालं की मला द्या."

दिले. पुस्तक अण्णांकडे आहे तोवर ते माझ्याकडे नाही. एवढा तरी ताळेबंद जुळतो. परत केव्हा येईल, ते मात्र विचारू नका. ते खाते बहुधा बुडीतच.