अल्प माहितीसंच आणि यंत्रशिक्षण : सॉफ्टवेअर श्रम-अंदाजाच्या संशोधनाची चिकित्सा

प्रस्तावना : सॉफ्टवेअर प्रकल्पास किती श्रम लागतील, याचा अंदाज यंत्रशिक्षणाने वर्तविणारे शोधनिबंध विपुल आहेत. मात्र त्यांपैकी अनेकांचा आधार असलेली माहिती अत्यल्प आहे. प्रस्तुत लेखात या विसंगतीची चिकित्सा केली आहे.

विवेचन : बॅरी बोहेम यांनी १९८१ मध्ये मांडलेल्या ‘कोकोमो’ प्रारूपामागे ६३ प्रकल्पांची माहिती होती. अल्ब्रेक्ट व गॅफनी यांच्या १९८३ च्या अभ्यासात २४, तर केमेरर यांच्या १९८७ च्या अभ्यासात १५ प्रकल्प होते. याच संचांवर पुढे अनेक नव्या पद्धती तपासल्या गेल्या.

कोकोमोत आकारमान व १५ खर्च-घटक मिळून १६ चले आहेत. मधल्या थरात केवळ ८ घटक असलेले साधे न्यूरल नेटवर्क घेतले, तरी त्यात १४५ भार निश्चित करावे लागतात. ६३ नोंदींवरून १४५ अज्ञात ठरविणे म्हणजे शिकणे नव्हे, पाठांतर होय. चाचणीसाठी १३ प्रकल्प राखून ठेवले, तर एका प्रकल्पाच्या फरकाने यशाची टक्केवारी सुमारे ८ ने बदलते. मग दोन पद्धतींतील ३-४ टक्क्यांच्या फरकास श्रेष्ठत्वाचा पुरावा कसे मानावे ?

मापनाचाही प्रश्न आहे. सापेक्ष त्रुटीची सरासरी हे रूढ माप कमी अंदाज करणाऱ्या प्रारूपास झुकते माप देते, हे फॉस व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दाखविले. कारण उघड आहे : अंदाज कितीही कमी असला, तरी ही त्रुटी १०० टक्क्यांपलीकडे जात नाही; अधिक अंदाजास मात्र मर्यादा नाही. प्रत्यक्षात कमी अंदाजाची किंमत रात्री जागणारे अभियंते मोजतात.

अल्प माहिती म्हणून संशोधन त्याज्य ठरत नाही. प्रत्येक प्रकल्प आळीपाळीने बाजूला ठेवून चाचणी घ्यावी, साध्या समाश्रयणाशी व मध्यकाशी तुलना करावी आणि त्रुटी मनुष्यमहिन्यांतही द्यावी.

निष्कर्ष : ‘सिद्ध झाले’ असे विद्यार्थी प्रबंधात लिहितो आणि मार्गदर्शक या नात्याने आपण स्वाक्षरी करतो. त्यापूर्वी ‘नोंदी किती ?’ हा प्रश्न विचारणे आपले कर्तव्य आहे. साधे समाश्रयण सरस ठरले, तर तसे नमूद करणे हेही संशोधनच होय.