शंभर रुग्ण आणि हरवलेला छेद

टॉक्सोप्लाझ्मोसिस या रोगाविषयी कुठेही वाचा, एक वाक्य हमखास भेटते : निरोगी माणसात या रोगाची लक्षणे बहुधा दिसत नाहीत, दिसलीच तर फ्लूसारखी सौम्य असतात. हे वाक्य चुकीचे नाही. पण ते कोणाला मोजून लिहिले आहे, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. तो विचारण्यासाठी एक जुना शोधनिबंध फार उपयोगी आहे. कॅनडातील व्हिक्टोरिया शहरात १९९५ साली उघडकीस आलेल्या साथीवरचा डब्ल्यू. आर. बोवी व त्यांच्या सहकाऱ्यांचा हा निबंध १९९७ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. त्याची ताकद कशात आहे आणि त्याचे आकडे वाचताना घसरायला कुठे होते, ते येथे पाहू.

आधी रोगाची थोडी ओळख. टॉक्सोप्लाझ्मा गोंडी हा एकपेशीय परजीवी आहे. त्याचे लैंगिक प्रजनन फक्त मार्जारकुळातील प्राण्यांच्या आतड्यात होते. त्यांच्या विष्ठेतून जाड कवचाच्या सूक्ष्म पुटी बाहेर पडतात. एक ते पाच दिवसांत त्या संसर्गक्षम होतात आणि ओलसर मातीत महिनोन्‌महिने तग धरतात. पावसाच्या पाण्याबरोबर त्या जलाशयात जाऊ शकतात, न धुतलेल्या भाजीवरून पोटात जाऊ शकतात. कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या मांसातूनही हा परजीवी माणसात शिरतो. पाण्यात नेहमीच्या प्रमाणात घातलेल्या क्लोरीनला या पुटी दाद देत नाहीत. नीट गाळणे किंवा उकळणे हाच उपाय.

आता निबंधाकडे वळू. फेब्रुवारी-मार्च १९९५ मध्ये ब्रिटिश कोलंबिया प्रांतात ताज्या लागणीचे रुग्ण एकाएकी वाढले आणि त्यांतले बरेच व्हिक्टोरिया परिसरात एकवटलेले दिसले. संशोधकांनी रुग्णांची घरे नकाशावर मांडली, गर्भवती स्त्रियांच्या रक्ततपासण्यांचा आधार घेतला आणि आजारी व निरोगी माणसांची तुलना केली. चार वेगवेगळ्या मोजमापांनी बोट एकाच जलाशयाकडे दाखवले. लागण आणि त्या जलाशयाचे पाणी यांचा संबंध सुमारे तिपटीपासून आठपटीपर्यंत भरला. साथीला डिसेंबर १९९४ आणि मार्च १९९५ अशी दोन शिखरे होती. दोन्हींच्या आधी पाऊस वाढला होता आणि जलाशयाचे पाणी गढूळ झाले होते. पाण्यावर रासायनिक प्रक्रिया होत होती, पण ते गाळले जात नव्हते.

पिण्याच्या पाण्यात प्रत्यक्ष परजीवी सापडला नाही, हा या पुराव्यातला कच्चा दुवा. पण साथ लक्षात येईपर्यंत ते पाणी केव्हाच वाहून गेलेले असते. अशा वेळी एकमेकांवर अवलंबून नसलेले अनेक पुरावे एकाच दिशेने गेले, तर निष्कर्ष किती भक्कम होतो, याचा हा निबंध उत्तम नमुना आहे. येथपर्यंत आम्ही त्याला पूर्ण गुण देऊ.

घसरण आहे ती लक्षणांच्या आकड्यांत. निबंधात १०० निश्चित रुग्ण आहेत, वये ६ ते ८३. त्यांपैकी ५१ जणांच्या लसिकाग्रंथी सुजल्या होत्या आणि १९ जणांच्या दृष्टिपटलाला दाह झाला होता. घाईने वाचणारा म्हणेल, या रोगात दर पाचांतल्या एकाचा डोळा बिघडतो. पण त्याच निबंधात लेखकांनी एकूण लागण झालेल्यांचा अंदाज २८९४ ते ७७१८ असा दिला आहे. आता अंश १९ आणि छेद २८९४ घ्या. उत्तर येते हजारी साडेसहा. छेद ७७१८ घेतला तर हजारी अडीच. शेकडा १९ आणि हजारी अडीच या दोहोंत सुमारे ७५ पटींचे अंतर आहे आणि अंश मात्र एकच!

मग खरे उत्तर कोणते? शेकडा १९ नक्कीच नाही, कारण डोळ्याचा त्रास झालेला माणूस डॉक्टर गाठतो आणि नुसती मान अवघडलेला घरीच बसतो. शंभरांच्या यादीत गंभीर रुग्णांची गर्दी होणारच. पण हजारी अडीचही पूर्ण विश्वासाचे नाही, कारण डोळ्याचे सगळेच रुग्ण यादीत आले असतील असे नाही. दृष्टिपटलावरील व्रण कधी कधी लागणीनंतर महिन्यांनी, वर्षांनीही उमटतो. खरे उत्तर या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी आहे. निबंधाच्या सारांशाने हे आकडे जवळजवळ ठेवले, पण त्यांचा भागाकार वाचकावर सोडला. आमची तक्रार एवढीच आहे.

हाच धडा इतर साथींतही मिळतो. कोईमतूर येथे २००४-०५ साली झालेल्या साथीचा वृत्तांत २०१० साली प्रसिद्ध झाला. त्यात २४८ रुग्ण आहेत आणि सगळे डोळ्यांचे, कारण मोजणारे नेत्रतज्ज्ञ होते. ब्राझीलमधील सांता इझाबेल दो इव्हाई या गावी २००१ साली साथ उघडकीस आली. तेथे लोकांना मोफत रक्ततपासणीची सोय होती आणि ४२६ जणांत ताज्या लागणीच्या खुणा सापडल्या. तेथील वर्णनात ताप, डोकेदुखी, अंगदुखी आणि सुजलेल्या ग्रंथी पुढे आल्या. परजीवी तोच आणि संशयित वाहकही तोच, म्हणजे नळाचे पाणी. परजीवीचे वाण ठिकठिकाणी वेगळे असतात हे खरे. तरीही चित्र पालटण्याचे एक कारण उघड आहे : मोजणारा ज्या दाराशी उभा असतो, त्या दाराने येणारेच त्याच्या वहीत उतरतात.

म्हणून सुरुवातीचे ते वाक्य आम्ही असे दुरुस्त करू : 'बहुतेकांना त्रास होत नाही किंवा सौम्य होतो. पण साथीत हजारोंना लागण झाली, तर हजारांतल्या थोड्यांचा आकडाही मोठा होतो.' या थोड्यांत दृष्टी अधू झालेले लोक असतात. गरोदरपणात प्रथमच लागण झालेल्या स्त्रियाही असतात, आणि त्यांच्या बाळाच्या मेंदूला व डोळ्यांना इजा होऊ शकते. 'सौम्य' हा शब्द त्यांच्यासाठी नाही.

शिक्षकांनी हे आकडे फळ्यावर लिहून मुलांना फक्त एक प्रश्न विचारावा : छेद कोणता घ्यायचा? आठवीच्या मुलांना भागाकार येतो. कोणाला कशाने भागायचे, हे मात्र शिकवावे लागते.