घट्ट की सैल? 1904 सालच्या एका पेटंटचं वाचन

हिवाळ्यात मनालीला गेला असाल तर टॅक्सीच्या चाकांना गुंडाळलेल्या लोखंडी साखळ्या तुम्ही पाहिल्या असतील. पुढे बर्फ दिसला की ड्रायव्हर उतरतो, डिकीतून खळखळ आवाज करणारी जुडी काढतो, टायरवर पसरतो, गाडी हातभर पुढे घेतो आणि आकडा अडकवतो. पाच-दहा मिनिटांचं काम. आज आपण या साखळीच्या एका जुन्या कागदाची चिकित्सा करणार आहोत. तो कागद म्हणजे अमेरिकन पेटंट क्रमांक 768495, तारीख 23 ऑगस्ट 1904, संशोधक हॅरी डी. वीड, गाव कॅनस्टोटा, न्यूयॉर्क राज्य. शीर्षकाचा ढोबळ अर्थ ‘हवा भरलेल्या टायरसाठी पकड देणारं आवरण’ असा होतो.

पेटंटच का, शोधनिबंध का नाही? कारण याच पेटंटने माझी फजिती केली आहे.

माझं काम ओल्या पृष्ठभागावरच्या रबराच्या घर्षणाचं. दुसऱ्या वर्षाच्या प्रगती अहवालात प्रस्तावना भारदस्त व्हावी म्हणून मी एक वाक्य टाकलं होतं: ‘1904 मध्ये वीडने टायरला घट्ट आवळणाऱ्या साखळ्या शोधून घसरणं आणि टायरची झीज या दोन्ही समस्या सोडवल्या.’ खाली संदर्भ म्हणून पेटंटचा क्रमांक. समितीतल्या एका सरांनी तेवढ्याच वाक्यावर बोट ठेवलं. ‘घट्ट आवळली तर झीज वाढेल का कमी होईल? आणि हे पेटंट तुम्ही वाचलंय का?’ मी वाचलेलं नव्हतं. क्रमांक कुठल्या तरी लेखातून उचललेला होता. खोलीत एसी चालू होता, तरी माझे कान तापले. त्याच रात्री पेटंट उघडलं. अवघी काही पानं आणि आकृत्या. फुकट उपलब्ध. चहा गार व्हायच्या आत वाचून होतं.

आता कागदाकडे. पेटंट वाचायची सवय नसेल तर एवढं ध्यानात ठेवा की त्यात आकृती असते, वर्णन असतं आणि शेवटी दावे असतात. दावे म्हणजे शेताचा बांध. ‘इथपासून इथपर्यंत माझं, दुसऱ्याने पाय टाकायचा नाही’ एवढंच ते सांगतात, आणि त्या काळी अमेरिकेत हा हक्क मंजुरीपासून 17 वर्षं टिकत असे. वस्तू किती चांगली चालते याचा पुरावा तिथे शोधू नका. तो देणं पेटंटचं कामच नाही. आपण विद्यार्थी इथेच फसतो. छापील क्रमांक दिसला की ‘सिद्ध झालं’ असं वाटतं.

वीडने सांगितलेलं उद्दिष्ट मात्र स्वच्छ आहे. संपूर्णपणे साखळ्यांचं, लवचिक, घडी होणारं आवरण. टायरच्या दोन्ही बाजूंना आणि पाठीवर बसणारं. उलटसुलट वापरता येणारं. आणि केवळ टायरमधल्या हवेच्या फुगवट्यावर जागेवर राहणारं. शेवटच्या अटीतला ‘केवळ’ अधोरेखित करा. हवा कमी करा, साखळ्या चढवा, हवा भरा. टायर फुगतो आणि साखळी ताणली जाते. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव कशी चढवतात ते ज्यांनी पाहिलंय त्यांना हे पटकन कळेल. तिथे तापवलेली धाव थंड होऊन आकसते आणि चाकाला आवळते. इथे धाव आहे तशीच राहते, चाकच फुगतं. कल्पना देखणी आहे यात वाद नाही. आरीला बांधायला नको, रिमला भोक पाडायला नको, वेगळा पट्टा नको.

या शोधाची जन्मकथाही तुम्हाला सगळीकडे भेटेल. चिखलातून, बर्फातून जाताना लोक चाकाला दोर, अगदी वेलीसुद्धा गुंडाळत. ते पाहून वीडला सुचलं. गोष्ट असंभव नाही. 1904 च्याच सरकारी मोजणीत अमेरिकेतल्या ग्रामीण रस्त्यांची लांबी सुमारे 21.5 लाख मैल भरली होती आणि त्यातले जेमतेम 7 टक्के सुधारलेले होते. बाकी माती. अशा रस्त्यांवर लोकांनी हाताला येईल ते चाकाला बांधलंच असेल. पण ही कथा आपल्यापर्यंत आली ती वीडच्या पणतूच्या सांगण्यातून, म्हणजे खूप नंतर. घरात जपलेली आठवण आणि त्या वेळची नोंद यांना एकाच तराजूत घालू नका. ‘कुटुंबात असं सांगितलं जातं’ एवढा शेपटीचा तुकडा जोडला की वाक्य प्रामाणिक होतं.

खरी मेख पुढे आहे. त्या काळात टायर दोन कारणांनी त्रास देत. एक म्हणजे ते महाग होते आणि घोड्यांच्या नालांच्या खिळ्यांनी, गारगोट्यांनी सारखे फाटत. दुसरं, गुळगुळीत पाठीमुळे ओल्या रस्त्यावर घसरत. ब्रेक बहुतेक गाड्यांना मागच्याच चाकांवर, त्यामुळे ब्रेक दाबला की गाडीची मागची बाजू फिरायची. मग ‘टायर वाचवा आणि घसरणं थांबवा’ असं एका दमात म्हणणारी साधनं बाजारात आली. मिशलँने 1905 मध्ये ‘सेमेल’ आणला, त्यात पाठीवर चामडं आणि चामड्यात पोलादी खिळे. कॉन्टिनेंटलने 1904 मध्ये रबरातच नक्षी काढली. फायरस्टोनने 1908 मध्ये तर टायरच्या पाठीवर ‘फायरस्टोन नॉन स्किड’ ही अक्षरंच उठावात कोरली, म्हणजे जाहिरात हीच नक्षी. (हा मला आवडणारा आगाऊपणा आहे.)

पण जरा थांबा. टायर वाचवणं आणि पकड वाढवणं ही दोन उद्दिष्टं एका दिशेची आहेत का?

कागद-पेन्सिल घ्या. समजा एका चाकावर 3000 न्यूटन भार आहे. टायरमधला दाब 0.4 मेगापास्कल धरू. तेव्हाच्या अरुंद टायरांत दाब आजच्या मोटारीपेक्षा जास्तच असे. भाराला दाबाने भागा. जमिनीला टेकणारा भाग येतो 75 चौरस सेंटिमीटर, तळहातापेक्षा लहान. आता मध्ये साखळी आली आणि समजा सगळा भार कड्यांच्या 5 चौरस सेंटिमीटरवर आला. दाब झाला 6 मेगापास्कल, म्हणजे पंधरा पट. बर्फ चिरडायला लागणाऱ्या दाबाच्या आसपास आपण पोचलो. कडी बर्फात रुतते आणि चाकाला रेटा द्यायला टेकू मिळतो. साखळीची पकड ती हीच. लोखंड आणि बर्फ यांचं घर्षण काही फार मोठं नसतं.

पण न्यूटनचा तिसरा नियम साखळीची फक्त खालची बाजू बघत नाही. कडी जितक्या जोराने बर्फाला दाबते तितक्याच जोराने वर रबराला दाबते. रबर मऊ, ते कडीभोवती वळतं, त्यामुळे तिथला दाब थोडा विखुरतो हे खरं. तरी त्याच जागी, दर फेरीला, तेच टोचणं. घट्ट बसलेली कडी म्हणजे रोज त्याच ठिकाणी चावणारा बूट. म्हणून सरांचा प्रश्न बिनतोड होता. पकड देणारी गोष्टच टायरला खाते, आणि हवेच्या जोरावर ती जितकी पक्की बसवाल तितकी जास्त खाते.

मग या साखळ्या इतक्या चालल्या कशा?

उत्तर सैलपणात आहे. सैल बांगडी हातात एका जागी राहत नाही, फिरते. सैल साखळीही टायरवर हळूहळू सरकते. साधं मॉडेल घेऊ. चाकाचा व्यास 80 सेंटिमीटर, परीघ सुमारे 251. साखळीचा वेढा त्याहून 1 सेंटिमीटर मोठा. चाकाची एक फेरी झाली की त्याच्याखालून 251 सेंटिमीटर साखळी गेलेली असते, पण वेढा पूर्ण व्हायला 252 लागतात. म्हणजे दर फेरीला साखळी 1 सेंटिमीटर मागे पडते. साधारण 250 फेऱ्यांत, म्हणजे 630 मीटरच्या आसपास, ती टायरला पूर्ण प्रदक्षिणा घालून पुन्हा मूळ जागी येते. चावा एका जागी न राहता सगळ्या पाठीवर वाटला जातो. खऱ्या रस्त्यावर ब्रेक, इंजिनाचा ओढा, टायरचा चपटेपणा यांनी आकडा बदलेल, पण तत्त्व हेच.

आणि हा मुद्दा काही मी शोधलेला नाही. इंग्लंडच्या हॅरी पार्सन्सला वीडच्या आधीच, 1903 मध्ये, अमेरिकन पेटंट मिळालेलं होतं, आणि त्याची मांडणी सैल बसून सरकत राहणाऱ्या साखळ्यांची होती. त्या पेटंटवरून पुढे अमेरिकेत खटले झाले. गंमत म्हणजे वीडच्या नावाने विकल्या गेलेल्या साखळ्यांच्या जाहिरातीही हेच सांगू लागल्या की साखळ्या सरकतात, म्हणून टायरला इजा करत नाहीत. परदेशांसाठी त्या साखळ्या पार्सन्सचीच लंडनची कंपनी बनवते, असंही त्या जाहिरातींत छापलेलं असे. म्हणजे पेटंटच्या कागदात भर हवेच्या आवळण्यावर, आणि बाजारात त्याच नावाच्या वस्तूची ख्याती सैल सरकण्यावर. ‘वीडची साखळी’ म्हणताना आपण कागदाबद्दल बोलतोय की वस्तूबद्दल, हे वाक्यागणिक ठरवावं लागतं. मी माझ्या अहवालात दोन्ही एका कढईत टाकलं होतं.

वीडवर अन्याय नको. संपूर्ण साखळ्यांचं आवरण ही त्याची निवड काळाच्या कसोटीवर टिकली. चामड्याची आवरणं तापत, भिजून बिघडत. साखळी चिखल झटकते, पिशवीत मावते, एक कडी तुटली तर तेवढीच बदलता येते. उलटसुलट वापरायची सोयही व्यवहारी आहे, कारण एक बाजू झिजली की दुसरी उरते.

पण सैलपणाचं गुणगानही बेताने करा. सैल कडी वेगात बाहेर फेकली जाते. 0.4 मीटर त्रिज्येच्या चाकावर ताशी 30 किलोमीटर वेगाला ती गुरुत्वाच्या सुमारे 18 पट त्वरणाने बाहेर ओढली जाते, आणि ताशी 100 ला जवळजवळ 200 पट. मडगार्डवर बडबड आणि मग फुटतुट. आजची माहितीपत्रकं साखळी नीट ताणून बसवा, थोडं चालवून पुन्हा ताणा आणि साधारण ताशी 50 च्या वर जाऊ नका असं म्हणतात, ते उगाच नाही. सैलपणा किती, हे वेगाकडे बघितल्याशिवाय सांगताच येत नाही.

आणखी एक शंका, जी मला अजून सतावते. बाजारात रूढ झालेली वीड साखळी शिडीसारखी असते. दोन्ही बाजूंना दोन लांब साखळ्या आणि त्यांच्यामध्ये आडव्या पायऱ्या. चाक पुढे फिरताना निसटत असेल तर पायरी आडवी येते, उत्तम. पण गाडी बाजूला घसरते तेव्हा पायरी घसरण्याच्या दिशेतच पडलेली असते. तिथे ती पुढच्या दिशेइतकी अडवणार नाही. चौकटी किंवा शंकरपाळ्याच्या आकाराची जाळी नंतर आली ती याचसाठी. म्हणजे पेटंटच्या नावातला ‘पकड’ हा शब्द बरोबर आहे आणि जाहिरातीतलं ‘घसरणं थांबवते’ हे अर्धं बरोबर. मी दोन्ही शब्द समानार्थी म्हणून वापरले होते. घर्षणावर पीएचडी करणाऱ्या मुलीने!

सुधारलेल्या अहवालात आता ते वाक्य असं आहे: ‘वीडच्या 1904 च्या पेटंटमध्ये टायरच्या फुगवट्याने धरलेलं साखळ्यांचं आवरण मांडलेलं आहे, अशा साखळ्यांमुळे टायरची झीज मर्यादित राहण्याचं श्रेय मात्र त्यांच्या सैल सरकण्याला दिलं गेलं, आणि ही मांडणी पार्सन्सच्या 1903 च्या पेटंटशी जोडलेली आहे.’ लांबलचक आहे, भारदस्त नाही. सरांनी त्यावर काही लिहिलं नाही, पुढचं पान उलटलं.

ज्यांना सरकण्याचं गणित पटलेलं नाही त्यांनी स्वयंपाकघरातून एक गोल डबा घ्यावा. त्याला परिघापेक्षा सेंटिमीटरभर मोठा जाड दोऱ्याचा सैल वेढा घाला, दोऱ्यावर आणि डब्यावर शाईची एकेक खूण करा आणि डबा टेबलावर सरळ लोळवा. माझ्याकडे दोऱ्याची खूण दर फेरीला मागे पडली, पण दर वेळी सारखी नाही. टेबलावर ओलं फडकं पसरल्यावर आणखी वेगळी. का, ते मी सध्या बघते आहे.