पॉलिमर पटलातील बाष्पपारगमनाचे मापन : खानदेशाच्या संदर्भात एक चिकित्सा

पॉलिमर पटलात वायू प्रथम विरघळतो व नंतर विसरणाने पलीकडे जातो, ही उपपत्ती थॉमस ग्रॅहॅम यांनी १८६६ मध्ये मांडली. बाष्पालाही ती लागू पडते. वाटीचे तोंड पटलाने बंद करून वजनातील फरकावरून पारगमन मोजण्याची पद्धत साधी व उपयुक्त आहे. तथापि वेष्टनांवरील आकडे बहुधा ३८ अंश सेल्सिअसला घेतलेले असतात. जळगाव-धुळ्याचा उन्हाळा ४५ अंशांवर जातो. तेव्हा पाण्याचा संपृक्त बाष्पदाब ६.६ वरून ९.६ किलोपास्कल, म्हणजे सुमारे दीडपट होतो. पटलाची पारगम्यताही तापमानानुसार बदलते. परिणामी रावेर-यावलच्या केळीभोवतालच्या पिशवीतील ओलावा अपेक्षेपेक्षा लवकर उडून जाऊ शकतो. म्हणूनच स्थानिक तापमानावरील मापनाशिवाय हे आकडे खानदेशासाठी प्रमाण मानणे शास्त्रीयदृष्ट्या योग्य ठरत नाही.